कर्क, गाठ आणि तुकडा

'कर्करोग' हा शब्द मराठीत भाषांतराच्या वाटेने आला. ग्रीक वैद्यांना गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या आणि त्यांनी रोगाला खेकड्याचेच नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचे 'कॅन्सर' झाले, आपण त्याला संस्कृत 'कर्क' जोडून दिला. सुश्रुतसंहितेतील 'अर्बुद' परिभाषेत उरला, बोलण्यात उतरला नाही. पण मराठी माणसाला कर्क ठाऊक आहे तो राशीतला. ओढ्यात सापडतो तो खेकडा. शब्द रुळला, त्यातले चित्र मात्र पोचले नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे अंतर अधिकच जाणवते. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. तेथे वैद्यकाची भाषा इंग्रजी, दवाखान्याची मराठी आणि भामरागड-एटापल्लीकडच्या अनेक घरांतली माडिया. निदान रुग्णापर्यंत पोचते ते दोनदा भाषांतरित होऊन.

लोकांनी आपली परिभाषा घडवली नाही असे नव्हे. बायोप्सीला 'तुकडा तपासायला देणे' म्हणतात, आणि ते अचूक आहे. किरणोपचाराला 'शेक' म्हणतात. हा घरगुती शब्द धीर देतो, पण कातडी भाजण्याची पूर्वसूचना देत नाही. 'रसायनोपचार' याच्या उलट. आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण दूर ठेवणारे औषध. आजच्या शेतकऱ्याला त्या शब्दातून फवारणीच आठवते. आणि अहवालातले 'पॉझिटिव्ह' ऐकून एखादे घर क्षणभर आनंदते.

कधी लोकांचे साधे वाक्यच निदानाची पहिली पायरी ठरते. 'तोंड उघडत नाही, तिखट सोसत नाही' ही खर्रा खाणाऱ्याची तक्रार म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस या कर्करोगपूर्व अवस्थेचे जवळजवळ संपूर्ण वर्णन होय. खर्ऱ्यातील तंबाखूबरोबरच सुपारी स्वतःही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदले. 'अंगावरून जाणे' हेही असेच. पाळी थांबल्यावर स्त्री ते पुन्हा बोलू लागली, तर गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका घ्यायला हवी. पण 'पांढरे की लाल?' हे विचारणारा कुणी हवा.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. दुखणे होते, त्याला शब्दही होते, ऐकणारे नव्हते. पुढे 'सर्च'चा दवाखाना उभा राहिला, तो लोकांच्या देवीच्या, माँ दंतेश्वरीच्या नावाने.

परिभाषा म्हणजे कोशात प्रतिशब्द भरणे, असे आपण साहित्याचे अभ्यासक सहज समजतो. आम्हांस वाटते, रुग्णाच्या शब्दात रोग ओळखता येणे हे परिभाषेचे पहिले काम आहे. रोगाचे संस्कृत नाव त्याला नंतर सांगता येईल. गाठ हाताला लागली तेव्हा ती दाखवायची कुणाला, हे मात्र आधी कळायला हवे.