धोटा, दोरा आणि पगार

कामाचा दाम कशावर ठरावा? आपण चटकन सांगतो, हाताच्या कसबावर. अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल या चार पायऱ्या आपल्या कानावरून गेलेल्या असतात. २०१९ च्या वेतन संहितेतही त्या आहेत. पण या पायऱ्या कोण बांधतो आणि त्यांवर कोणाला चढू देतो, हे समजून घ्यायचं तर मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास पाहावा, असं मला वाटतं.

गिरणीत कसबाची उतरंड होतीच. बिगारी खाली, रिंग खात्यात सूत कातणारा त्याच्या वर आणि साचे चालवणारा विणकर त्याहून अधिक कमावणारा. पण भरतीच्या वेळी कसब पारखण्याची ठरलेली रीत नव्हती. भरती जॉबरच्या हाती, बायकांच्या खात्यांत नायकिणीच्या. जॉबर आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणी. नोकरी मिळवायची, टिकवायची तर त्याला दस्तुरी द्यावी लागे. सकाळी दारात उभ्या असलेल्या बदली कामगारांतून आत कोणाला घ्यायचं, हेही तोच ठरवी. शिवाय त्याच कामाला एका गिरणीत एक दर, तर शेजारच्या गिरणीत दुसरा.

याहून मोठी अडचण धोट्यात होती. धोट्यातली कांडी संपली, की नवी कांडी घालून दोऱ्याचं टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. दलित कामगाराच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकर म्हणत. त्यामुळे अधिक कमाईच्या विणाई खात्याचं दार दलितांना बंद राहिलं. शिकायला मिळत नाही म्हणून कसब नाही आणि कसब नाही म्हणून तो पगार नाही, असा हा फेरा होता.

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे दीड लाख कामगारांचा संप झाला. दलितांना सर्व खाती खुली करा, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळी लावून धरली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच मागण्यांच्या यादीत घेतली. यावर मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही! वास्तविक तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे तेव्हा निघाले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ मध्येच तोंडाने ओढायच्या धोट्यांवर बंदी घातली होती, तीही कामगारांच्या आरोग्यासाठी.

पुढे बदल झाले. १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली आणि जॉबरच्या मनमानीला थोडा लगाम बसला. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांतले दर सारखे केले. २६ दिवसांच्या महिन्याला किमान मूळ वेतन ३० रुपये ठरलं. १९४८ मध्ये किमान वेतन कायदा झाला. पाठोपाठ न्याय्य वेतन समितीने वेतनातला फरक ठरवण्यासाठी कसब, अनुभव, शिक्षण, जबाबदारी, शीण आणि धोका अशा कसोट्या सांगितल्या. पगार माणसाच्या ओळखीला न चिकटता कामाला चिकटला, ही मोठी मिळकत होती.

तरीही मला या इतिहासात एक उणीव दिसते. काम कितीचं, एवढंच दरपत्रक सांगतं. ते काम शिकायला कोणाला मिळेल, हे ते सांगत नाही. आजही वर्षानुवर्षं एकच यंत्र सांभाळणारा कंत्राटी कामगार कागदावर 'अकुशल' राहू शकतो. कोणाची पायरी ठरवण्याआधी त्याला ती चढायची संधी मिळाली होती का, हे भरती करणाऱ्याने विचारलं पाहिजे. आणि मिळाली नसेल, तर त्याला जबाबदार कोण, हेही. १९२८ मध्ये या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणीच पुढे आलं नव्हतं.