डच सैन्यातील महिला शाखांचे विसर्जन आणि अधिकारी-प्रशिक्षण

नेदरलँड्सच्या सैन्यदलांत स्त्रियांसाठी दीर्घकाळ स्वतंत्र शाखा अस्तित्वात होत्या. नौदलाची ‘मार्व्हा’ ही शाखा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये स्थापन झाली. भूदलाची ‘मिल्व्हा’ आणि हवाई दलाची ‘लुव्हा’ या शाखा युद्धोत्तर काळात आकारास आल्या. या स्त्रियांकडे प्रामुख्याने कार्यालयीन, दूरसंचार आणि प्रशासकीय कामे सोपवली जात. लढाऊ तुकड्या व युद्धनौका त्यांच्यासाठी बंद होत्या. त्या गणवेशात होत्या, पण सैन्याच्या मुख्य रचनेबाहेर.

स्त्री-पुरुषांना नोकरीत समान वागणूक देण्यासंबंधीचा युरोपीय आर्थिक समुदायाचा निर्देश १९७६ मध्ये निघाला, आणि या वेगळेपणाचे समर्थन करणे अवघड झाले. बदलाचा क्रम लक्षणीय आहे. शाखा मोडण्याआधी अधिकारी घडवणाऱ्या संस्थेचे दार उघडले. ब्रेडा येथील किल्ल्यात १८२८ पासून चालणाऱ्या राजेशाही सैनिकी प्रबोधिनीत १९७८ मध्ये पहिल्या मुली दाखल झाल्या. तिन्ही महिला शाखा विसर्जित झाल्या त्या १९८२ मध्ये. डेन हेल्डर येथील नौदल संस्थेने मुलींना प्रवेश दिला तो त्यानंतरच, आणि पाणबुड्या व मरीन दल त्यांच्यासाठी खुले होण्यास २०१७ साल उजाडले. कागदावरील एकत्रीकरण आणि प्रत्यक्षातील प्रवेश यांत इतके अंतर राहू शकते.

विसर्जनाची एक किंमतही होती, तिची चर्चा क्वचितच होते. स्वतंत्र शाखेत स्त्रियांचे नेतृत्व स्त्रियाच करीत. सामायिक सेवाज्येष्ठतेच्या शिडीवर त्यांना तळापासून चढावे लागले. डच सैन्याला पहिली महिला जनरल लाभली ती २००५ मध्ये, लेआन व्हान डेन हुक यांच्या रूपाने. ब्रेडातील पहिल्या तुकडीनंतर तब्बल २७ वर्षांनी!

त्याच वर्षी अधिकारी-प्रशिक्षणाचीही फेररचना झाली. ब्रेडा आणि डेन हेल्डर येथील संस्था ‘नेदरलँड्स संरक्षण प्रबोधिनी’ या एका छत्राखाली आल्या. दोन्ही ठिकाणच्या परंपरा मात्र टिकून आहेत: ब्रेडात भूदल, हवाई दल आणि मारेशॉसे या सैनिकी पोलीस दलाचे छात्र, तर डेन हेल्डरमध्ये नौदलाचे. पदवीसह दीर्घ अभ्यासक्रम आणि पदवीधरांसाठी लघु अभ्यासक्रम असे दोन मार्ग आहेत.

मराठी वाचकाला येथे खडकवासला आठवणे स्वाभाविक आहे. तेथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर; १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यांच्या सेवाज्येष्ठतेचा प्रवास आता कुठे सुरू होत आहे.

नेदरलँड्समधील सक्तीच्या सैन्यसेवेची प्रत्यक्ष भरती १९९७ मध्ये स्थगित झाली, पण कायदा रद्द झालेला नाही. २०२० पासून तो मुलींनाही लागू आहे. म्हणून डच नागरिकत्व घेतलेल्या मराठी घरांतील १७ वर्षांच्या मुलीलाही नोंदणीचे सरकारी पत्र येते. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्यात हजर होण्याचा आदेश नसतो, केवळ नाव नोंदवल्याची सूचना असते.