जोहार ते जय भीम : नागपूरच्या शब्दांची कहाणी

माणसाला गुलाम करणारी व्यवस्था त्याच्या तोंडातले शब्दही ठरवून देते. आमच्या पूर्वजांना दगड्या, धोंड्या, कचऱ्या अशी नावे पडली आणि वाटेत पाटील दिसला की वाकून 'जोहार' घालणे त्यांच्या वाट्याला आले. रामराम इतरांचा, जोहार महारांचा. तोंड उघडताच जात कळावी, अशीच ही सोय होती. म्हणून आमच्या मुक्तीचा इतिहास हा शब्द बदलण्याचाही इतिहास आहे, असे मी मानतो. त्याची काही मोलाची पाने नागपूर परिसरात लिहिली गेली.

किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक' आणि १९१३ साली 'विटाळ विध्वंसक' ही पत्रे काढली. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यातला माणूस निराश्रित आहे, पण स्वतःला 'नागरिक' म्हणवतो. सारा देशच परक्यांची प्रजा असताना हा शब्द उच्चारणे लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्या नावात दोष माणसाच्या अंगावरून उचलून विटाळाच्या कल्पनेवर ठेवला आहे. बनसोड्यांचे मन मात्र चोखामेळ्याच्या भक्तिपरंपरेत रमलेले होते.

पुढचे पाऊल कामठीच्या बाबू हरदास यांनी टाकले. विडी कामगारांचे हे पुढारी १९३७ साली मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ साली ऐन पस्तिशीत गेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मुसलमान परस्परांना एकाच शब्दांत सलाम करतात, त्यात थोर-लहान नसते, हे त्यांनी हेरले असे सांगतात. जोहार घालताना मान खाली जाई. जय भीम म्हणताना समोरच्याच्या डोळ्यात पाहता येते. एवढ्या बदलात केवढी क्रांती आहे!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. दुसऱ्या दिवशीच्या मराठी भाषणात त्यांनी नागपूरची निवड का केली ते सांगताना बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा दाखला दिला. म्हणजे गावाच्या नावातही त्यांनी आमचा इतिहास वाचला. पण 'महार' पुसून 'बौद्ध' लिहिणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. केंद्राच्या लेखी ते अनुसूचित जातींत राहिले नाहीत. कायद्यातली ती दुरुस्ती १९९० साली झाली. एका शब्दासाठी चौतीस वर्षे!

'दलित' या शब्दाचा वादही नागपुरात आला. हा शब्द अवमानकारक आहे अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होती. प्रसारमाध्यमांना सूचना देण्याचा विचार करावा, असे खंडपीठाने जून २०१८ मध्ये केंद्राला सांगितले आणि ऑगस्टमध्ये खासगी वाहिन्यांसाठी तसा सल्ला निघाला : 'अनुसूचित जाती' म्हणा. 'आम्ही आता बौद्ध आहोत, दलित का म्हणवून घ्यावे?' असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याची चर्चा आपण आपसांत केलीच पाहिजे. पण 'अनुसूचित' हा यादीचा शब्द आहे. कोणाला अनुसूचीत घातले एवढेच तो सांगतो. कोणी तुडवले ते सांगत नाही. १९७२ च्या दलित पँथरपासून आमच्या कवितेने आणि आत्मकथनांनी जो जाब विचारला, तो 'दलित' या शब्दात आहे.

'हरिजन' हे नावही प्रेमाने दिलेले म्हणूनच सांगितले गेले होते. त्याच्या निषेधार्थ १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळातून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. उद्या 'दलित' हा शब्द टाकायचा असेल तर तो आपण टाकू, आपल्या कारणासाठी टाकू. आपले नाव ठरवण्याचा हक्क पुन्हा दुसऱ्याच्या हाती देऊ नये.