हसवणारीचा स्वतःचा गळा

संगीत नाटकाचा वारसा पडद्यावर कोणी चालवला, असे विचारले की मद्रासमध्येही आपल्याकडच्याप्रमाणे गंभीर गाणाऱ्यांचीच नावे पुढे येतात. माझ्या मते तो वारसा अधिक टिकवला तो विनोदी नटीने. शंकरदास स्वामिगळ (१८६७–१९२२) यांनी घडवलेल्या तमिळ नाटकात ज्याची भूमिका, त्याचेच गाणे असा रिवाज होता. १९३८च्या सुमारास तमिळ चित्रपटात पार्श्वगायन आले आणि बघता बघता नायिकेचा चेहरा एकीचा, गळा दुसरीचा झाला. विनोदी प्रवेशांवर मात्र नाटकवाल्यांचाच ताबा राहिला. एन. एस. कृष्णन् आणि टी. ए. मधुरम हे जोडपे आपले प्रवेश स्वतः बसवत आणि स्वतः गात. पत्रकार लक्ष्मीकांतन यांच्या खून खटल्यात कृष्णन् तुरुंगात पडले, तेव्हा नाटक मंडळी चालवली ती मधुरमनीच.

याच परंपरेतली विनोदी नटी मनोरमा. १९३७ साली मन्नारगुडीत, म्हणजे एके काळच्या तंजावरच्या मराठी राजांच्या मुलखात, तिचा जन्म झाला. पळ्ळत्तूरला वाढलेली ही मुलगी बाराव्या वर्षाच्या आसपास रंगमंचावर आली. पुढे नट एस. एस. राजेंद्रन यांच्या मंडळीत ती गाजली; द्रविड चळवळीचे नेते अण्णादुराई आणि करुणानिधी यांच्याबरोबरही तिने नाटकांत काम केले. १९५८च्या ‘मालैयिट्ट मंगै’ या चित्रपटात गीतकार कण्णदासन यांनी तिला विनोदी भूमिका दिली. नायिका होण्याची आस असलेल्या नटीला ही घसरण वाटली असेल, पण ज्या जागी स्वतःचा आवाज वापरायची मुभा उरली होती, नेमकी तीच तिच्या वाट्याला आली.

यावर आक्षेप येईल, की ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’मध्ये (१९६८) तिने रंगवलेली नाटकातली कलावंतीण जिल जिल रमामणी ही तिची सर्वांत गाजलेली भूमिका, आणि तिथले गाणे तर एल. आर. ईश्वरींच्या आवाजात आहे. हे खरेच. पण त्याच वर्षीच्या ‘बोम्मलाट्टम’मध्ये विनोदी नट चो यांच्यासमोर मनोरमा मद्रासच्या झोपडपट्टीतल्या बोलीत स्वतः गाते. त्या बोलीतला हेल, तोडून टाकलेले शब्द, लाडातली दटावणी हे सगळे सुरात धरायचे, तर बोलणारीनेच गायला हवे. दुसरा आक्षेप गायिका-नटी के. बी. सुंदराम्बाळ आणि भानुमती यांच्या उदाहरणाचा. त्याही स्वतःच गात, आणि गाण्यात मनोरमेहून कितीतरी सरस होत्या. तरी त्यांचा आवाज ऐकताच श्रोता त्यांनाच ओळखतो. संत कवयित्री अव्वैयारच्या वेषातही सुंदराम्बाळ सुंदराम्बाळच राहतात. मनोरमा गाते तेव्हा ती झोपडपट्टीतली बाई गात असते. गोड गळ्यापेक्षा पात्राचा गळा मोठा, हा नाटकाचा जुना नियम हजाराहून अधिक चित्रपटांच्या धबडग्यात तिने सोडला नाही. तिच्या अष्टपैलुत्वाची गोम या शिस्तीत आहे. ते अष्टपैलुत्व नुसती निसर्गाची देणगी मानले, तर तिला घडवणाऱ्या नाटक मंडळ्यांचे श्रेय आपण बुडवतो.