लग्नाच्या वहीतली माणसं

आपल्याकडे कुलवृत्तांत काढायला बसलं की पुरुषांची नावं खापरपणजोबांच्याही मागे सापडतात. बायका मात्र दोन-तीन पिढ्यांतच हरवतात. पणजीचं सासरचं नाव कुणीतरी सांगतं, माहेरचं आडनाव विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणूनच मेक्सिकोतल्या स्पॅनिश अमदानीतल्या चर्चच्या लग्ननोंदींविषयी वाचताना मला फार नवल वाटलं.

चोरून लग्न करणं, एक बायको असताना दुसरी करणं, याला आळा घालायचा म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली नियम केला. लग्न धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदारांसमोरच व्हायचं, त्याआधी चर्चमध्ये तीनदा जाहीर पुकारा व्हायचा आणि मग वहीत नोंद. स्पेनच्या राजवटीबरोबर हा नियम अमेरिकेत पोचला.

लग्नाआधी चौकशीही होई. वर-वधूची नावं, वय, गाव, आईवडील, औरस की अनौरस, सगळं लिहून घेत. साक्षीदार या दोघांना किती वर्षं ओळखतो तेही विचारत. कोणी विधुर वा विधवा असेल तर आधीचा जोडीदार कोण, हेही येई. लग्नाची नोंद दोन ओळींची असली, तरी या चौकशीच्या कागदांत कधी कधी अख्खं घर सापडतं.

आणि मुख्य म्हणजे स्पॅनिश रिवाजात बाई लग्नानंतरही आपलं आडनाव टाकत नाही. त्यामुळे आईकडची वाट बुजत नाही.

आपल्याकडे जसं सगोत्र-सपिंड बघतात, तसं तिथे चार पिढ्यांपर्यंतचं नातं लग्नाला आड येई. मग चर्चची खास परवानगी काढायची आणि अर्जात नातं उलगडून दाखवायचं. कित्येकदा वंशवृक्षच काढलेला असे! दोघांचे खापरपणजोबा एकच, हे नावानिशी मांडलेलं. आज शोधणाऱ्याला याहून मोठं घबाड कुठलं?

पण या वह्यांची दुसरी बाजूही आहे. अनेक ठिकाणी स्पॅनिश लोकांची वही वेगळी, इंडियनांची वेगळी, मिश्र रक्ताच्यांची वेगळी. (जातीचा रकाना आपल्याला काही नवा नाही!) तरी एकच माणूस बाप्तिस्म्याच्या वहीत एका जातीचा आणि लग्नाच्या वहीत दुसऱ्या जातीचा, असंही दिसतं. स्वातंत्र्यानंतर १८२२ साली मेक्सिकोत नोंदीत जात लिहायला बंदी झाली. त्यामुळे एकाच वहीत शोधून थांबू नये, असं जाणकार सांगतात.

गुलामांच्या नोंदीत आईबापांऐवजी बहुधा मालकाचं नाव. पुएब्ला शहरातल्या कातारिना दे सान हुआनची गोष्ट वाचली तेव्हा मी थबकलो. ही हिंदुस्थानात जन्मलेली मुलगी. पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनहून मनिला आणि तिथून मेक्सिकोला विकली गेली, असं तिची चरित्रं सांगतात. १६२६ साली तिचं लग्न दोमिंगो सुआरेस नावाच्या गुलामाशी झालं. आशियातून आलेल्या कुणालाही तिथे 'चिनो' म्हणत, मग तो फिलिपिन्सचा असो की हिंदुस्थानचा. त्या एका शब्दाखाली आपल्याकडची किती माणसं झाकली गेली असतील!

यातल्या पुष्कळ वह्यांच्या मायक्रोफिल्म युटाच्या वंशावळी संस्थेने काढल्या आणि आता 'फॅमिलीसर्च'वर त्या घरबसल्या बघता येतात. मेक्सिकोत सरकारी नोंदणी १८५९ च्या कायद्याने आली. म्हणून तिथले लोक आधी ते दाखले गाठतात आणि मग चर्चच्या वह्यांतून एकेक लग्न धरून मागे जातात. एका लग्नातून चार आईबाप, त्यांच्या दोन लग्नांतून आठ.

असो. आपल्याला असा धर्मगुरू लिहून ठेवायला मिळाला नाही. तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपापल्या आजीचं आणि पणजीचं माहेरचं नाव, आडनाव, गाव, जे आठवेल ते मला लिहून पाठवा. सांगणारी माणसं आहेत तोवर हे काम उरकायला हवं.