हँडल ते सेल्फ

पेट्रोल इंजिन आपले आपण सुरू होत नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण ओढले जाऊन दाबले जावे व ठिणगीने पेटावे, यासाठी क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांच्या वरखाली होण्याचे चक्रगतीत रूपांतर करणारा दांडा, आधी बाहेरच्या बळाने फिरवावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम मोटारीच्या पुढून लोखंडी हँडल घालून केले जाई, आणि ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिनाच्या उलट्या झटक्याने मनगट मोडे. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवावा, अशी ताकीद असे. अशाच अपघातात मित्र बायरन कार्टर दगावल्यामुळे कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला, असे सांगतात. परंतु कार्टर १९०८ मध्येच वारले असल्याने, तीनएक वर्षांनंतर लागलेल्या विजेच्या स्टार्टरच्या शोधाचे सगळे श्रेय त्या एका प्रसंगाला देणे धाडसाचे ठरेल.

हा शोध लावणारे चार्ल्स केटरिंग यांनी ओहायोतील डेटन येथे गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर पूर्वीच बसवली होती. इंजिन फिरवायला अवजड मोटर लागेल, या समजाला त्या अनुभवाने छेद दिला, कारण सतत चालणाऱ्या मोटरला न पेलणारा भार काही क्षणांपुरता लहान मोटरही पेलते. आजही स्टार्टरमध्ये, ज्याला गॅरेजात ‘सेल्फ’ म्हणतात, परंपरेने सीरिज मोटर असते: तिच्यात स्थिर वेटोळे आणि फिरणारे आर्मेचर यांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे ती थांबलेली असतानाच सर्वाधिक पीळ देते, आणि फ्लायव्हीलच्या कडेवरील मोठ्या दातेरी कड्यात तिचे छोटे पिनियन अडकल्याने तो पीळ दहापटीहून अधिक वाढतो. चावी दाबून धरली तर मात्र हीच मोटर तापून जळते.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हे यंत्र सुरुवातीला २४ व्होल्टवर मोटर म्हणून चाले आणि इंजिन पेटल्यावर जनित्र होऊन ६ व्होल्टवर बॅटरी भरी; ही जोडणी, कल्पक असली तरी, किचकटच होती. पुढे मोटर आणि जनित्र वेगळे झाले. व्हिन्सेंट बेंडिक्स यांच्या रचनेत पिनियन मळसूत्री आट्यांवरून पुढे सरके आणि इंजिनाने वेग घेताच मागे फेकले जाई. नंतर सरकवण्याचे काम सोलेनॉइडकडे, म्हणजे प्रवाह येताच लोखंडी दांडी ओढणाऱ्या वेटोळ्याकडे, आले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला विजेचा स्टार्टर १९१९ मध्ये मिळाला, तर भारतात अँबॅसिडरसारख्या गाड्यांत सेल्फ असूनही हँडलची सोय पुढे बराच काळ टिकली, कारण बॅटरी उतरली की तेच कामी येई.