वादळाआधी छपराकडे बघा : पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही

मे महिना आला की कोकणात कौलं चाळायची, पत्रे बघायची घाई सुरू होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड भागात असंख्य घरांवरची छपरं गेली.

पत्रा का उडतो?
वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो आणि वळचणीखालून शिरलेला वारा त्याला खालून उचलतो. कडा, कोपरे आणि आढं इथे जोर सगळ्यात जास्त. अशा वाऱ्यापुढे दगडाचं वजन पुरत नाही. उलट पत्रा उचलला की तोच दगड घरातल्या माणसाच्या डोक्यात पडतो. छपरावरचे दगड आधी खाली उतरवा.

आत्ताच करायची कामं
- गंजलेले हूक, नट, फाटलेले वॉशर बदला. कडेला आणि कोपऱ्यात हूक दाट मारा.
- पत्रा पाइपाला घट्ट आहे, पण पाइप भिंतीवर नुसता टेकवलाय का, ते बघा. तसं असेल तर सगळं छप्पर एकदम उचललं जातं. पाइप किंवा वासे भिंतीत पक्के बसवून घ्या.
- वळचण दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका.
- फुटकी कौलं बदला, कडेच्या ओळी तारेने रिपांना बांधा.
- जुन्या सिमेंट पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाकूनच चढा.
- घरावर आलेल्या सुक्या फांद्या, झावळ्या काढा. विजेच्या तारेजवळ असतील तर हात न लावता महावितरणला १९१२ वर कळवा.
- घराचे चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

वादळाच्या वेळी
दारं-खिडक्या लावा, मेन स्विच बंद करा. पत्र्याचं घर कच्चं असेल तर म्हातारी माणसं, पोरं घेऊन वेळेतच शेजारच्या स्लॅबच्या घरात किंवा शाळेत जा. चक्रीवादळात वारा मध्येच थांबला तरी बाहेर पडू नका. थोड्या वेळाने तो उलट्या दिशेने येतो.

नुकसान झालं तर
दुरुस्तीला हात घालण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्या. आधीचे फोटो तेव्हा कामाला येतात.

हूक-वॉशरचा खर्च थोडा, नवीन छपराचा मोठा. हे काम पाऊस लागायच्या आत उरका.